नारळ ठेवण्याआधी

मु. बेलखार, पो. कासू, ता. पेण
२४ ऑक्टोबर

ती. काळुराममामांस,
ऋतुजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तुमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त देवळाच्या पारावर, आणि पारावर तुम्ही फोन कानाला लावलात की तुमच्याआधी अख्खा पार ऐकतो. ही बातमी मात्र आधी तुम्हालाच कळायला हवी. उभे असाल तर खाली बसा. मी आमदारकीला उभी राहते आहे. अपक्ष. काल पेणला जाऊन अर्ज भरून आले.

आईचं म्हणणं असं की गणपती गेले, मूर्तींच्या कारखान्यात रंगाचं काम संपलं, पोरीच्या हाताला चाळा नाही म्हणून हे खूळ. तसं नाही मामा. भाद्रपदाच्या अमावस्येला उधाण आलं आणि आमच्या खाडीच्या बांधाला पुन्हा खांड गेली. गेल्या वर्षी गेली होती तिथेच. भात पोटरीला आलं होतं, ते खाऱ्या पाण्यात उभ्याने करपलं. गावाने घरटी एक माणूस काढून चिखलाने ती खांड बुजवली, आपले आजे-पणजे बुजवायचे तशीच. कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, हा प्रश्न तुमच्या आमदाराने विधानसभेत विचारायला हवा. आमदाराकडे गेलो तर ते बांधावर आले, फोटो काढला आणि गेले. मग गाव म्हणालं, तूच उभी राहा, तुझं तोंड बरं चालतं.

आता मुद्द्याचं. खाडीकाठची मतं मूठभर. मतदारसंघ पसरलाय तो पार तुमच्या डोंगरापर्यंत. वरच्या अंगाची गावं पाठीशी नसतील तर माझं कुणी ऐकूनही घेणार नाही. तुम्ही गावकीचे अध्यक्ष, तुमच्या शब्दावर वाडी चालते. तेव्हा तुमची वाडी माझी, असं मी धरून चालले आहे.

मामीला नमस्कार. तुमच्या ऋत्विकला म्हणावं, धाटावच्या कंपनीत नाइट शिफ्ट करून आल्यावर गाडी सावकाश चालव. मामाचा लोभ भाचीला मागावा लागत नाही, म्हणून मागत नाही.

तुमची,
ऋतुजा

---

मु. वरचीवाडी, ता. रोहा
२९ ऑक्टोबर

चि. ऋतुजा हीस,
काळुराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. बसूनच वाचलं, तरी झोक गेला. आमच्या घराण्यात आजवर सरपंचकीच्या पुढे कुणी गेलं नाही. तू एकदम मुंबई गाठायला निघालीस. हौसेला मोल नसतं म्हणतात. ऊर भरून आला, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस.

अगं, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत झाली आहे. दसऱ्याला हितेशशेठ वाडीत आले होते. ते उभे आहेत हे तुला ठाऊकच आहे. कालव्याचं पाणी शेवटच्या गावांपर्यंत आणतो म्हणाले, देवळाला सभामंडप देतो म्हणाले. गावकी बसलेली होतीच, घरटी एक माणूस. शेठनी विचारलं, मग वाडीचं काय? मी म्हणजे तुला माहीत आहे कसा. कुणी काही बोलायच्या आत उठलो, आई काळकाईपुढे नारळ ठेवला आणि बोलून गेलो की वाडीचं एक मत इकडचं तिकडं व्हायचं नाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठनी मला पेढा भरवला. तो पेढा अजून घशात आहे.

देवीपुढे नारळ ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. माझ्या बापाने मोडला नाही, मी मोडला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगू कुणाला? शेठची माणसं काल परत आली होती. म्हणाली, भाची तुमची ना? चार तारखेपर्यंत अर्ज मागे घेता येतो. भाऊबीजेला बहिणीकडे जाणारच आहात, तर तेवढं बघा.

भाऊबीजेला येतो. काय बघायचं ते येऊन बघू. तुझ्या आईला सांग, वालाचं बिरडं कर, तुमच्या खाडीच्या कोलंब्या मला पित्ताला बाधतात. मामावर राग धरलास तरी तो सणापुरता बाजूला ठेव.

तुझा मामा,
काळुराम

---

मु. बेलखार
५ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार. वि. वि.

परवा तुम्ही अर्ध्या ताटावरून उठून गेलात, त्याने मला दोन रात्री धड झोप नाही. आईचं चुकलं. ओवाळून झाल्यावर तुम्ही तबकात साडी ठेवलीत, आणि तिने ती उचलून परत तुमच्या मांडीवर ठेवली. दादा, साडी नको, यंदा ओवाळणीत तुझं मत घाल, असं म्हणाली. तुमचं तोंड पाहवेना मामा. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पाटावर बसून साडीची घडी नीट करत राहिलात.

आईला मी नंतर खूप बोलले. मत ही काय ओवाळणीत मागायची वस्तू आहे? ती म्हणाली, नारळापुढे मागता येतं, तर बहिणीने का मागू नये? तरी मी माझं सांगते. तुमचा शब्द मोडून आलेलं मत मला नको. त्या मताने मी निवडून आले, तर आयुष्यभर तुमच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही. तुम्ही नारळ ठेवलात, तुम्ही पाळा. तुम्ही मला माघार घे म्हणाला नाहीत, हे माझ्यावर उपकार आहेत. तुम्हाला काय निरोप देऊन पाठवलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तुम्ही ताटावर होतात तोवर मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. तुम्ही फक्त बिरड्याला मीठ कमी आहे म्हणालात.

तेव्हा आपला करार. तुम्ही मला माघार घे म्हणायचं नाही, मी तुम्हाला मत द्या म्हणायचं नाही.

अर्ज काही मागे घेतला नाही. काल चिन्हं वाटली. मी होडी मागितली होती, मिळाली फुलकोबी. खाडीकाठची पोरगी घरोघर फुलकोबी घेऊन फिरते आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या विचारतात, गो, ही भाजी कितीला दिलीस? हसा, पण एवढं सांगा: तुमच्या कालव्याचं नेमकं दुखणं काय आहे? मी बांधाबद्दल तोंड दुखेपर्यंत बोलते, पण वरच्या गावांत लोक म्हणतात की हिला आमच्या पाण्याचं काय कळणार. खरंच कळत नाही.

उरलेलं अर्धं ताट तुमच्या नावाने राखलं आहे, ते फिटेपर्यंत मायेत खंड पडू देऊ नये.

तुमची,
ऋतुजा

---

मु. वरचीवाडी
१० नोव्हेंबर

चि. ऋतुजा हीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं. मामीला वाटलं म्हैस आजारी आहे. पोरी, तू मला मोकळं केलंस. पण खरं सांगू? मोकळं झाल्यावर जास्तच जड वाटतं आहे. तू भांडली असतीस तर मलाही चार शब्द भांडता आले असते.

कालव्याचं ऐक. भात कापून झालं की वाल पेरायचा का दुबार भात लावायचा, हे आम्ही पाण्यावर ठरवतो. कालव्याला पाणी सुटतं, पण कालव्याच्या तोंडाकडची गावं आधी भरून घेतात आणि आम्ही पडलो शेपटाला. आमच्यापर्यंत ओल येते, पाणी येत नाही. कालवा मध्ये तीन जागी फुटला आहे, तिथे पाणी ओढ्याला जातं. दरसाल पाणी सोडण्याआधी रोह्याला पाटबंधारे कचेरीत बैठक होते. तिथे तोंडाकडच्या गावांची माणसं खुर्च्या धरून बसतात. आमच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. तुमचं पाणी नको तिथे आत येतं, आमचं हवं तिथे येत नाही, एवढाच काय तो फरक. हे सगळं मी तुला सांगितलं असं कुठे म्हणू नकोस. म्हणालीस तरी चालेल.

आणखी एक. चौदा तारखेला वाडीत ये आणि पारावर सभा घे. शेठच्या माणसांना मी सांगितलं आहे की शब्द मताचा दिला आहे, भाचीला जेवू न घालण्याचा दिलेला नाही. लोक ऐकतील. टाळ्या मिळतील, चहा मिळेल, पोटभर जेवण मिळेल. मत मिळणार नाही. एवढं कळून ये.

फुलकोबीचं वाचून ऋत्विक दोन दिवस हसतो आहे. शिफ्टवरचे सगळे त्याला कोबीचा भाऊ म्हणतात. माया जशी होती तशीच आहे, तिला आचारसंहिता लागू नाही.

तुझा मामा,
काळुराम

---

मु. वरचीवाडी
१६ नोव्हेंबर

चि. ऋतुजा हीस,
सरूमामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, समजून घे. हे मामाला कळता कामा नये. वाचून चुलीत घाल.

तू सभेला आलीस त्या दिवशी पुरुष पारावर बसले आणि आम्ही देवळाच्या मागे धान्य पाखडत बसलो होतो. सूप थांबवून ऐकलं. तू कालव्याचं बोललीस ते अगदी आमच्या मनातलं. पुरुष नंतर म्हणाले, बोलली चांगली, पण काय करणार, शब्द गेलाय. झालं, उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर जनीने विषय काढला. जनी तुला आठवत असेल, घरवाला वारला, मुलगा नाही, एकटी राहते, भाताची दोन खाचरं स्वतः लावते. गावकीत घरटी एक पुरुष बसतो, तिच्या घरात पुरुष नाही, म्हणून तिचं घर गावकीत नाहीच. ती म्हणाली, गो सरू, देवळाच्या वर्गणीला माझं घर मोजतात, मंग शब्दाला का नाय मोजलं? माझा नारळ कोनी ठेवला? मग एकेक बोलायला लागली. मला तरी कुठे विचारलं होतं? तुझ्या मामाने त्या दिवशी घरी येऊन मला फक्त एवढं सांगितलं की चहा टाक, शब्द देऊन आलो.

पण देवीची भीती वाटते ना. नारळ तिच्या पुढ्यात ठेवलेला. म्हणून त्याच दुपारी, म्हणजे काल, पुरुष शेतावर असताना आम्ही पंधरा-वीस जणी देवळात गेलो आणि गोविंदा गुरवाला म्हटलं, कौल लाव. तो घाबरला, बायकांनी कौल मागायची रीत नाय म्हणाला. जनी म्हणाली, त्या दिवशी घाईघाईत नारळ ठेवला, आईला तरी कोनी विचारलं व्हतं? ती पन आपल्यातलीच, तिलाबी धरून चालले. गोविंदा हसला आणि देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला फुलाच्या पाकळ्या लावल्या. विचारलं, पुरुषांचा शब्द आमच्यावर लागतो का? लागत नसेल तर उजवी दे. बराच वेळ काहीच हलेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग उजवी पडली. जनीने तिथेच बोटं मोडून देवीची दृष्ट काढली.

बाई गं, लग्नापासून मी तुझ्या मामाशी एक गोष्ट लपवली नाही. ही लपवते आहे. मतापेक्षा त्याचंच मला जड जातंय. आमच्याकडून सांभाळून घे, आणि प्रचारात उन्हातून हिंडतेस, डोक्यावर पदर घेत जा.

तुझी,
सरूमामी

---

मु. वरचीवाडी
२ डिसेंबर

चि. ऋतुजा हीस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुला धीर द्यायला आधीच लिहायला हवं होतं. पण आठवडाभर मलाच धीर देणारं कुणी नव्हतं. तू पडलीस, डिपॉझिट गेलं, हितेशशेठ निवडून आले. हे होणारच होतं, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण आमच्या वाडीच्या मशीनमधून तू शेठच्या पुढे निघालीस, हे निकालाच्या दिवशी खांब गावाच्या नाक्यावर चारचौघांत मला कळलं. शेठचा माणूस समोर होता. नुसतं एवढंच म्हणाला, काळुरामभाऊ, नारळ नासका निघाला वाटतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. गावकी बोलावली आणि सांगितलं की शब्द मोडला, कुणी मोडला ते विचारत नाही, मी अध्यक्षपद सोडतो. तेवढ्यात जनी आत आली आणि पुरुषांच्या बरोबरीने खाली बसली. मागून आणखी बायका. सगळ्यात शेवटी दारात तुझी मामी. मी बघतच राहिलो. जनी म्हणाली, काळुरामदादा, शबुद कोनी मोडला नाय. ज्यांनी दिला त्यांनी पाळला. आमी दिलाच नव्हता. मग तिने सगळं सांगितलं, कौलासकट. गोविंदा गुरव खांबाआड लपायला बघत होता.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार आला. दोन दिवस मामीशी बोललो नाही. तिने जेवण वाढलं, मी जेवलो, भांड्यांचा तेवढा आवाज. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, त्या दिवशी एकदा विचारलं असतंस तर मी तुझ्या शब्दालाच मत दिलं असतं. ऋतुजा, माणसाला याच्याहून जास्त काय ऐकवायचं?

आता माझं. मी मत शेठला दिलं. मशीनपुढे उभा राहिलो, तुझं नाव खालून दुसरं होतं, शेजारी ती फुलकोबी. बाहेरून माणूस हाका मारायला लागेपर्यंत मी तिथे उभा होतो. मग शेठचं बटण दाबलं. शब्द पाळल्याचं समाधान वाटेल असं धरून चाललो होतो. वाटलं नाही. घरी येईस्तोवर डोळे पुसत आलो. तुझ्या आईला हे सांग. तिच्या तबकात मी काहीच घातलं नाही.

काल पुन्हा गावकी बसली, बायकांसकट. देऊळ भरलं. कालव्याचा विषय निघाला. शेठकडे फोन केला तर सत्कार संपले की बघू म्हणाले. सोळा तारखेला सोमवारी कचेरीत बैठक आहे. तिथे वाडीच्या बाजूने कोण बोलणार? ऋत्विकने तुझं नाव घेतलं. या वेळी मी उठलो नाही. एकेकाला विचारलं, एकेकीला विचारलं. जनीला दोनदा विचारलं. कुणीही नाही म्हणालं नाही. मग सगळ्यांच्या देखत नारळ ठेवला की वाडीच्या बाजूने ऋतुजा बोलेल. मला अध्यक्ष म्हणून ठेवलं आहे, पण सांभाळून राहा म्हणून बजावलं आहे.

निवडून आलेला एक, आणि आम्ही निवडली ती तू. सोमवारी सकाळी थेट रोह्याला ये. मामा मताला चुकला असेल, मायेला चुकलेला नाही, एवढं मनात असू दे.

तुझा,
काळुराममामा

---

मु. बेलखार
७ डिसेंबर

ती. काळुराममामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं, आई ऐकत होती. तुम्ही शेठला मत दिलंत, ते वाक्य मी दोनदा वाचलं. वाईट वाटलं मामा, फार वाटलं, आणि त्याच वेळी तुमचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटतं ते विचारू नका. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, दादा लहानपणापासून असाच आहे, एकदा म्हटलं की म्हटलं. आणि ती साडी, जी तुम्ही जाताना ओट्यावर विसरून गेलात, ती तिने काल नेसली. तिच्याकडून याहून मोठं पत्र तुम्हाला येणार नाही.

मला किती मतं पडली ते मी मोजत नाही, लोक माझ्यासाठी मोजतात. कारखान्यात पुन्हा जायला लागले आहे. पुढच्या वर्षीच्या मूर्ती आत्ताच सुरू झाल्या, डोळे मात्र शेवटी आखायचे असतात, तोवर मी हातापायांना रंग देते. बांधाच्या कामाची चौकशी करायला पेणच्या कचेरीत गेले, तर साहेबांनी या वेळी खुर्ची दिली. हरलेल्या उमेदवारालाही खुर्ची मिळते, हे मला नव्याने कळलं.

आता सोमवारचं. मामा, तुम्ही वाडीतल्या एकेकाला विचारलंत, एकेकीला विचारलंत, जनीमावशीला तर दोनदा विचारलंत. पण मला? माझ्या नावाने नारळ ठेवून मोकळे झालात, आणि मला थेट कळवताय की सोमवारी ये! मी वाचताना हसले, आई हसली, शेजारची माणसं विचारायला आली की निकाल फिरला की काय.

हसून झाल्यावर विचार केला. मी येईन. पण बोलणार नाही. पाणी शेपटापर्यंत येत नाही म्हणजे काय होतं, हे मी तुमच्या पत्रातून शिकले आणि सभेत घोकून बोलले. जनीमावशी दरसाल ती दोन खाचरं कोरडी बघते. तिच्या घराला आजवर कुणी मोजलं नाही, तर कचेरीने पहिलं तिचंच ऐकावं. साहेब मध्येच तोडायला लागले, तर मी शेजारी आहेच. माझं तोंड बरं चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मात्र तिचं नाव ठरवून टाकू नका. आधी तिच्या ओट्यावर जा, बसा, चहा घ्या आणि तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर मला कळवा. मग पुढचं आपण तिघं मिळून ठरवू.

तुमची भाची,
ऋतुजा

ता. क. मामीचं अक्षर कोंबडीच्या पायाचं नाही, असं तिला सांगा. मला एकदाच वाचून सगळं कळलं होतं.